प्लॉट, झोन आणि मार्जिन : घराचं वीजबिल नकाशा पास होतानाच कसं ठरतं

घर तापतंय म्हटलं की आपल्याकडे गाडी डायरेक्ट एसी किती स्टारचा घ्यायचा, काचेला फिल्म लावायची का, गच्चीवर पांढरा कलर मारायचा का यावर येते. हे सगळं ठीकच आहे, पण तोपर्यंत अर्धा सामना संपलेला असतो. घराची कुठली भिंत दिवसभर उन्हात राहणार, कुठल्या खिडकीला वारा लागणार, शेजारची बिल्डिंग किती लांब आणि किती उंच होणार, गच्चीवर सोलर चालेल की तिथे कायम सावली असेल, हे झोन (जमिनीचा ठरवलेला वापर), रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर म्हणजे बिल्डिंगभोवती सोडायचं मार्जिन आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि हे नियम आपण बघतो ते फक्त "किती बांधकाम बसतंय" एवढ्यासाठी.

म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिलाय, म्हणजे नियमाचं पुस्तक उघडायचं ते ऊन आणि वारा शोधायला. मुख्य रोख मुंबई सोडून बाकी महाराष्ट्रावर आहे, पुणे-नाशिक-नागपूर-सोलापूर वगैरे. बंगला बांधणारे, रो हाऊस घेणारे आणि रिडेव्हलपमेंटला बसलेल्या सोसायट्या, तिघांनाही उपयोग होईल.

पायरी १ : आपल्याला कुठलं पुस्तक लागू आहे ते बघा

२ डिसेंबर २०२० ला राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्याआधी प्रत्येक महापालिकेचं स्वतःचं पुस्तक होतं, आता बहुतेक ठिकाणी हे एकच. मुंबई महापालिकेला मात्र डीसीपीआर २०३४ ही वेगळी नियमावली आहे, एमआयडीसीच्या प्लॉटला एमआयडीसीचे नियम, आणि माथेरान-महाबळेश्वरसारखी गिरिस्थानं, इको सेन्सिटिव्ह झोन इथे वेगळी भानगड. आर्किटेक्टला पहिला प्रश्न हाच विचारा, कारण गावात कोणीतरी ऐकीव मार्जिन सांगतो आणि ते निघतं दहा वर्षांपूर्वीच्या जुन्या नियमावलीतलं.

मग कागद गोळा करा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा तुमच्याकडे असेलच. त्यासोबत झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. भाग नकाशा काढताना फक्त आपला गट नंबर नको, आजूबाजूचा पट्टा दिसेल असा मागा, पुढच्या पायरीला तोच लागणार आहे. आपला प्लॉट गावठाणात किंवा दाट वस्तीच्या हद्दीत येतो की बाहेर, हेही तिथेच कळतं आणि याने मार्जिनचा सगळा खेळ बदलतो.

पायरी २ : शेजारी आज काय आहे ते नाही, उद्या काय होऊ शकतं ते बघा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजूला कौलारू घर आणि आंब्याचं झाड बघून प्लॉट घेतला जातो, दक्षिणेला छान मोकळं आहे म्हणून सोलर तिकडे तोंड करून लावलं जातं, आणि पाच वर्षांत तिथे अकरा मजले उभे राहतात. त्यात शेजाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, नियमानेच त्याला तेवढं दिलेलं असतं.

यूडीसीपीआरमध्ये उंचीचं मूळ रस्त्याच्या रुंदीत आहे. महापालिका क्षेत्रात दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर साधारण तिथेच थांबायचं. रस्ता ९ मीटर झाला की प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर (सरकारला दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) धरून २ पर्यंत जाता येतं आणि ३० मीटर किंवा जास्त रुंद रस्त्याला ३ पर्यंत. यावर अ‍ॅन्सिलरी एफएसआय (बाल्कनी, जिन्यासारख्या जागांसाठीचा जादा) वेगळा, राहत्या बांधकामाला ६० टक्के आणि व्यापारीला ८० टक्के. पुण्यात मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात टीओडी (मेट्रोलगत जास्त बांधकाम देणारं धोरण) लागू झाला तर मोठ्या रस्त्यावर ४ पर्यंत. म्हणजे तुमच्या गल्लीची रुंदी ६ वरून ९ झाली की सगळ्या गल्लीचं आकाश बदललं. २०२० मध्ये पुणे महापालिकेत तीनशेहून जास्त ६ मीटरी रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता तेव्हा भांडणं झाली ती जागा किती जाणार आणि टीडीआर कोणाला मिळणार यावर, सावली कोणावर पडणार हे फारसं कोणी बोललं नाही.

तर करायचं काय, भाग नकाशावर आपल्या प्लॉटच्या चारही बाजूंचे प्लॉट घ्या, प्रत्येकाला कुठला रस्ता लागतो आणि आराखड्यात तो किती रुंद दाखवलाय ते लिहा. त्यावरून आर्किटेक्ट अर्ध्या तासात सांगतो की इथे जास्तीत जास्त किती मजले येऊ शकतात. बाजूला आरक्षण असेल तर ते कशाचं आहे तेही बघा, उद्यानाचं असेल तर नशीब, पण पार्किंग किंवा मार्केटचं असेल तर बिल्डिंगच येणार. आणि ९ मीटर किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर खाली दुकानं-ऑफिसं यायला बरीच मोकळीक असते, म्हणजे उद्या शेजारच्या बँकेचे किंवा जिमचे एसीचे आउटडोअर युनिट तुमच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करून गरम हवा फेकणार हेही गृहीत धरा.

पायरी ३ : सूर्याचा हिशेब, कागद-पेन्सिलने

सॉफ्टवेअर आहेत, चांगली आहेत, पण पहिल्या अंदाजाला दोन-तीन आकडे पुरतात. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला जमिनीपासून ४८ अंशांवर असतो. मार्च-सप्टेंबरमध्ये दक्षिणेलाच पण साडेएकाहत्तर अंशांवर, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो चक्क डोक्याच्या थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. नागपूरला हे आकडे अडीच अंशांनी बदलतील, बाकी गोष्ट तीच.

याचा अर्थ काय लागतो बघा. दक्षिणेच्या भिंतीवर आपल्याकडे सगळे उगाच राग धरतात. दक्षिणेचं ऊन वरून येतं म्हणून ते अडवायला सोपं, मार्चच्या दुपारी ६० सेंटिमीटरचा छज्जा खाली जवळपास १.८ मीटर भिंत झाकतो म्हणजे अख्खी खिडकी सावलीत, आणि डिसेंबरात तोच छज्जा जेमतेम ६७ सेंटिमीटर झाकतो म्हणजे थंडीत अर्ध्या खिडकीतून ऊन आत. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतर ऊन आडवं होतं, कितीही मोठा छज्जा काढा, ते खालून शिरतंच. आणि उत्तरेची खोली म्हणजे थंड असंही धरून चालू नका, मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो, संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. तिथे आडव्या छज्जापेक्षा खिडकीच्या पश्चिम कडेला एक उभी पट्टी जास्त काम करते.

आता शेजाऱ्याची सावली. समजा तुमच्या दक्षिणेला १५ मीटर उंच बिल्डिंग आहे आणि दोघांची ३-३ मीटर मार्जिन धरून मधे ६ मीटर. डिसेंबरच्या दुपारी तिची सावली तुमच्या भिंतीवर साधारण ८.३ मीटर उंचीपर्यंत चढते, म्हणजे खालचे जवळपास तीन मजले सावलीत. सोलापूरला ही सावली वरदान वाटेल, आणि खरंच उष्णतेच्या दृष्टीने ती वाईट नाहीच. पण गच्चीवर सोलर हीटर असलेल्या दोन मजली बंगल्यावर हीच सावली पडली तर हीटर ऐन थंडीत बंद, जेव्हा गरम पाणी सगळ्यात जास्त लागतं.

पायरी ४ : मार्जिन म्हणजे नुसती सोडलेली जागा नाही

उंच इमारतीला बाजूचं आणि मागचं अंतर साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश सोडावं लागतं, आर्किटेक्ट लोक त्याला "एच बाय फाइव्ह" म्हणतात, आणि कमाल मर्यादा १२ मीटर. ३६ मीटर उंच असेल तर ७.२ मीटर. शेजारीही तेवढाच उंच आणि त्यानेही तेवढंच सोडलं तर मधे १४.४. ऐकायला भरपूर वाटतं, पण तळमजल्यावरच्या खिडकीत उभं राहून समोरच्या बिल्डिंगच्या टोकाकडे बघायचं झालं तर मान ६८ अंश वर करावी लागते. म्हणजे क्षितिजापासून डोक्यापर्यंतच्या ९० अंशांतलं फक्त वरचं २२ अंश आकाश उरतं. गंमत अशी की उंची वाढवा नाहीतर कमी करा, दोन्हीकडे एक पंचमांशच असेल तर हा कोन बदलतच नाही. म्हणून "आम्ही मार्जिन पूर्ण सोडलंय" या वाक्यावर खूश होऊ नका, खालच्या दोन-तीन मजल्यांना दिवसा ट्यूबलाइट लागणार का हा प्रश्न तरीही विचारायचाच.

आणि हे नियमाप्रमाणे पूर्ण सोडल्यावरचं. मार्जिनमध्ये सवलत दिली जाते तेव्हा काय होतं ते मुंबईत बघायला मिळतं. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर उभ्या आहेत. २३ मीटर उंची आणि ३ मीटर अंतर, कोन काढा, ८२ अंशांच्या वर जातो. खालच्या घरांत भर दुपारी दिवा आणि पंखा चालू लागतो, हवा हलत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा आणि या अंतराचा संबंध अभ्यासकांनी मांडलेला आहे. ज्या माणसाला वीजबिल सगळ्यात जड जातं त्याच्याच घराला नियमाने सगळ्यात कमी उजेड दिला, याला काय म्हणायचं.

पण कमी मार्जिन म्हणजे कायम वाईट असंही नाही. पुण्याच्या पेठा, नाशिकचं जुनं गाव, कोल्हापूरच्या गल्ल्या, इथे घराला घर चिकटलेलं. दोन्ही बाजूच्या भिंतींना ऊनच लागत नाही म्हणजे घर चारऐवजी दोनच बाजूंनी तापतं. वाड्यांना हे जमायचं कारण मधला चौक, उजेड-वारा तिथून यायचा. आज गावठाणात बाजूचं मार्जिन न सोडता बांधायची मुभा लोक घेतात पण चौक काढून टाकतात, एफएसआय वाया जातो म्हणून, आणि मग मधल्या खोल्या अंधाऱ्या. खरं तर वरून उघड्या चौकाची जागा एफएसआयमध्ये मोजलीच जात नाही, तोच एरिया वरच्या मजल्यावर वापरता येतो. दाट वस्तीत बांधत असाल तर आधी चौक बसवा मग खोल्या.

मार्जिनच्या जमिनीचंही बघा. सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातले की दुपारभर तापलेला दगड रात्री दहापर्यंत खालच्या मजल्याच्या खिडकीतून गरम हवा देत राहतो. उंच इमारतीत फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी ६ मीटरचा कडक रस्ता मोकळा ठेवावाच लागतो, त्यात झाड लावता येत नाही हे खरं. पण मग त्या ६ मीटरच्या पुढे जे काही उरतं ते तरी मातीचं ठेवा, विशेषतः पश्चिमेला.

पायरी ५ : प्लॉटच्या आकारात बिल्डिंग कशी बसवायची

समजा १० बाय २० मीटरचा प्लॉट आहे, १० मीटर बाजू रस्त्याला. असे प्लॉट आपल्याकडे ढिगाने. आता रस्ता पश्चिमेला असेल तर गोची अशी होते की मोकळी जागा पुढे आणि मागे, म्हणजे पश्चिमेला आणि पूर्वेला, तर खिडक्या तिकडेच काढायचा मोह होतो आणि तिथलंच ऊन सगळ्यात त्रासाचं. लांब भिंती दक्षिण-उत्तरेला येतात जे खरं चांगलं, पण त्यांना बाजूचं मार्जिन मिळतं दीड-दोन मीटर आणि समोर शेजाऱ्याचं बाथरूम.

तोच प्लॉट, पण रस्ता उत्तरेला किंवा दक्षिणेला. आता मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला, जिथे छज्जाने काम भागतं, आणि पूर्व-पश्चिमेच्या लांब भिंती शेजारच्या घरांच्या आडोशाला. काही खर्च नाही, काही टेक्नॉलॉजी नाही, नुसती लेआउटमध्ये रस्त्याची दिशा बदलली. म्हणून अरुंद प्लॉट किंवा रो हाऊस घेताना पूर्व-पश्चिम धावणाऱ्या रस्त्यावरचं शोधा. वास्तुवाल्यांनी पूर्वाभिमुख प्लॉटचा भाव चढवून ठेवलाय, तर दक्षिणमुखी प्लॉट बरेचदा स्वस्त मिळतो, तुमची श्रद्धा आड येत नसेल तर हा सरळ फायद्याचा सौदा आहे.

पश्चिमेचा रस्ता आधीच गळ्यात असेल तर जिना, टॉयलेट, वॉर्डरोब, स्टोअर असली माल-मसाल्याची जागा पश्चिमेला ढकला. झोपायची खोली तिथे नको, कारण भिंत दुपारी ऊन पिते आणि आत सोडते रात्री आठ-नऊला, बरोबर तुम्ही एसी लावता तेव्हा. पण पश्चिम पूर्ण बंदही करू नका, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा पुण्या-नाशकाकडे बहुतेक तिकडूनच येतो. सावलीतली पण उघडणारी खिडकी पाहिजे, म्हणजे जाळी, लूव्हर किंवा सरकता बांबूचा पडदा. आणि पुढच्या मार्जिनमध्ये, जी सहसा सगळ्यात रुंद असते, कडुनिंब किंवा बहावा लावा, सहा-सात वर्षांत पहिला मजला झाकतो.

पायरी ६ : छज्जा, बाल्कनी आणि पी-लाइन

हे जरा टेक्निकल आहे पण पैसे इथेच आहेत. आधीच्या नियमांत बाल्कनी ठरावीक टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून बाहेर असायची, म्हणून बिल्डर बाल्कन्या द्यायचे आणि लोक त्या बंद करून खोलीत घ्यायचे. यूडीसीपीआरने पी-लाइन आणली, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेच्या आतलं सगळं एफएसआयमध्ये, बाल्कनीसकट, आणि त्या बदल्यात वर सांगितलेला अ‍ॅन्सिलरी एफएसआय. हिशेब सोपा झाला हे मान्य. पण आता खोल बाल्कनी दिली काय आणि खोली मोठी केली काय, एफएसआय सारखाच जातो, मग कोण देणार खोल बाल्कनी. आणि आपल्या हवेत सावली देणारी सगळ्यात भरवशाची वस्तू तीच होती.

छज्जा मात्र वेगळा धरला जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत मोकळ्या जागेवर ०.७५ मीटरपर्यंत वेदर शेड काढायला मुभा आहे. वरचा हिशेब आठवा, ६० सेंटिमीटरमध्ये दक्षिणेचं काम होतं. तरीही हल्ली एलिव्हेशन प्लेन दिसावं म्हणून छज्जेच काढत नाहीत, पाऊस आत, ऊन आत, आणि वर रिफ्लेक्टिव्ह काच. बिल्डर असो की स्वतःचं घर, ड्रॉइंगवर प्रत्येक दक्षिण खिडकीवर छज्जा आणि पश्चिम-वायव्येला उभी पट्टी दाखवून घ्या. नंतर पत्र्याचे वेदर शेड ठोकत बसाल.

डक्टकडेही बघा. दोन टॉयलेट आणि किचन एकाच चिंचोळ्या डक्टमध्ये उघडतात, नियमात बसतंही, पण त्याच डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे आउटडोअर युनिट टांगले की वरच्या मजल्यांना खालच्यांची गरम हवा मिळते आणि एसीचं काम वाढतं. आउटडोअर युनिटची जागा नकाशातच ठरवा, मोकळ्या बाजूला, एकाच्या डोक्यावर एक येणार नाही अशी.

पायरी ७ : भिंत, छप्पर आणि खिडकीचे आकडे

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी हा ऊर्जा बचतीचा कोड आला, १०० किलोवॉट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए डिमांडच्या वरचं ज्याला लागतं तो. घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी. तुमचा प्लॉट छोटा असला तरी तिचे आकडे आर्किटेक्टसमोर ठेवायला फुकट आहेत आणि कामाचे आहेत.

छपराचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आत येते तो आकडा, कमी तेवढा चांगला) जास्तीत जास्त १.२. नुसता आरसीसी स्लॅब यात बसत नाही, जवळपासही येत नाही. वीटबंदी कोबा आणि वर चायना मोझॅक ही आपली जुनी पद्धत थोडी मदत करते, मधे फोमचा थर दिला तर आकडा गाठतो. वरचा मजला घेणाऱ्यांनी हे एकच काम केलं तरी चालेल. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेला म्हणजे आरईटीव्हीला १५ वॉट प्रति चौरस मीटरची मर्यादा आहे, आणि हा आकडा दिशा, काच, छज्जा सगळ्यावर अवलंबून असतो, त्यामुळे पायरी ३ ते ६ नीट केल्या असतील तर महागडी काच न घेताही तो जमायची शक्यता खूप.

उघडणाऱ्या खिडकीचं प्रमाण हवेच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. मुंबई, कोकण आणि पुणे उष्ण-दमट गटात धरलेत, तिथे खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के म्हणजे एक षष्ठांश उघडता आलं पाहिजे. सोलापूर उष्ण-कोरडं, १० टक्के. नागपूर संमिश्र, १२.५ टक्के. लक्षात ठेवा, उघडणारा भाग. दोन ट्रॅकची सरकती खिडकी अर्धीच उघडते, कागदावर मोठी दिसते पण वारा अर्धाच. पुण्याला दमट म्हणणं एप्रिलच्या दुपारी जरा विनोदी वाटतं, पण पावसाळ्याचे चार महिने आठवा.

पायरी ८ : गच्ची कोणाची आणि ऊन कोणाचं

१ किलोवॉट सोलरला साधारण १० चौरस मीटर सावली नसलेली गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत घराला पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, ३ किलोवॉट किंवा पुढे एकूण ७८,००० अनुदान आहे, सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॉटमागे १८,०००.

आता झोनिंगचा भाग. अकरा मजली बिल्डिंगला गच्ची तेवढीच जेवढी चार मजलीला होती, फ्लॅट मात्र जवळपास तिप्पट, लिफ्ट आणि पंप जास्त. त्यात पाण्याची टाकी, लिफ्ट मशीन रूम, मोबाइल टॉवर, आणि हौशी लोकांचा शेड. म्हणून टाकी आणि मशीन रूम गच्चीच्या उत्तर कडेला दाखवून घ्या, म्हणजे त्यांची सावली पॅनलवर फारशी पडणार नाही. एवढी साधी गोष्ट, पण नकाशा पास झाल्यावर कोणी बदलत नाही.

शेजाऱ्याने उद्या ऊन अडवलं तर कायदा काय देतो? भारतीय सुखाधिकार कायदा १८८२ चा, त्यात इमारतीला वीस वर्षं सलग मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क आहे. तो खिडक्यांच्या काळात लिहिलेला, पॅनलच्या नाही, आणि कोर्टात त्यासाठी बरंच नुकसान सिद्ध करावं लागतं. त्यावर भरवसा ठेवून सोलरची जागा ठरवू नका, पायरी २ चा नकाशा बघून ठरवा.

पायरी ९ : ग्रीन बिल्डिंगचा जादा एफएसआय

यूडीसीपीआरमध्ये हरित इमारतीला प्रोत्साहन आहे. गृहा तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हरसारख्या रेटिंगला मूळ एफएसआयवर ३ टक्के, चार स्टार किंवा गोल्डला ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर हे घेत असेल तर चांगलंच, पण सोसायटीने विचारायचं की पॉइंट कशावर मिळवताय. सायकल स्टँड, कचऱ्याचे डबे, एलईडी यांनीही बरेच पॉइंट गोळा होतात आणि पश्चिमेची काचेची भिंत तशीच राहते. करारात स्पष्ट लिहून घ्या, छपराचं इन्सुलेशन, छज्जे, उघडणाऱ्या खिडक्यांचं प्रमाण. आणि सोबत २१ डिसेंबर व २१ मार्चचा सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ चा सावलीचा नकाशा मागा. कुठल्याही आर्किटेक्टच्या कॉम्प्युटरवर हे एका दुपारचं काम आहे, "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं तर गरज नक्की आहे.

पायरी १० : आराखडा बनतानाच बोला

हे सगळं एकेका प्लॉटचं झालं. रस्ते कुठल्या दिशेने, किती रुंद, मोकळ्या जागा कुठे, हे विकास आराखड्यात आणि नगररचना योजनेत ठरतं. आराखडा प्रसिद्ध झाला की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ च्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात, मुदत नोटिशीत लिहिलेली असते. बहुतेक हरकती "माझ्या जागेवरचं आरक्षण काढा" अशा असतात. तुम्ही असंही लिहू शकता की अमुक सेक्टरमधले आतले रस्ते पूर्व-पश्चिम घ्यावेत, ओढ्याकाठची मोकळी जागा सलग ठेवावी म्हणजे वाऱ्याला वाट राहील. सर्व्हे नंबर, शीट नंबर आणि एक हाताने काढलेला स्केच जोडा, सुनावणीला स्वतः जा. जमीनमालकांनी लेआउट पाडताना तर हे स्वतःच्याच हातात आहे. ४,००० चौरस मीटर किंवा जास्त जमिनीला १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, ती उरलेल्या तिरक्या कोपऱ्यात टाकायच्याऐवजी पश्चिम किंवा नैर्ऋत्येला सलग टाकली तर मागच्या सगळ्या प्लॉटना वारा मोकळा मिळतो, आणि विकताना हेच दाखवून भाव मागता येतो.

तयार फ्लॅट घेणाऱ्यांनी एवढंच करा. मंजूर नकाशाची प्रत मागा, त्यावर उत्तर दिशेचा बाण शोधा (ब्रोशरवरचा नाही, ब्रोशरवर सगळे फ्लॅट पूर्वेलाच बघतात), आपल्या बेडरूमची भिंत कुठल्या दिशेला आहे ते बघा, आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटला किती मीटरचा रस्ता लागतो ते विचारा. फ्लॅट बघायला दुपारी चार वाजता जा. आणि घेतल्यावर बाल्कनी बंद करायची घाई करू नका, मंजूर नकाशात नसलेलं ते अनधिकृत बांधकाम ठरतं, पुढे रिसेलला अडकतं, आणि काच लावलेली पश्चिमेची बाल्कनी म्हणजे एप्रिलमध्ये खोलीला चिकटवलेली भट्टी.